सुतार पक्ष्याचे छायाचित्रण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पळस फुलू लागला आणि साग-सालईची पाने गळाली की मराठवाड्यातील छायाचित्रकारांचे लक्ष सुतार पक्ष्याकडे वळते. एरवी पानांच्या आड राहणारा हा पक्षी या दिवसांत उघड्या फांद्यांवर दिसतो आणि विणीचा काळ जवळ आल्यामुळे आवाजही अधिक करतो. या वेळच्या टपालात बहुतेक पत्रे त्याच्याविषयीची होती. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील काहींना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : गौताळा अभयारण्याच्या परिसरात सोनपाठी सुतार मला नेहमी दिसतो, परंतु कॅमेरा उचलला की तो खोडाच्या पलीकडे जातो. मी वळसा घालून पलीकडे गेलो की तो पुन्हा अलीकडे येतो. आजवर त्याच्या शेपटीची आणि डोक्याच्या तुऱ्याची छायाचित्रे मिळाली, पूर्ण पक्षी मिळाला नाही. काय करावे? (एक वाचक, कन्नड)

वळसा घालणे थांबवावे. सुतार पक्ष्याच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे वळलेली असतात, शेपटीची पिसे ताठ असून तो ती सालीवर टेकवून उभा राहतो. त्यामुळे खोडाभोवती सरकायला त्याला काहीच कष्ट पडत नाहीत. शिक्रा दिसला तरी तो नेमके हेच करतो, म्हणजे खोड मध्ये ठेवून बसतो. आपण त्याच्याकडे चालत जाता तेव्हा त्याच्या लेखी आपणही शिकारीच असता, आणि या खेळात माणूस जिंकत नाही.

त्याऐवजी त्याचा मार्ग वाचावा. सोनपाठी सुतार बहुधा झाडाच्या खालच्या भागावर उतरतो, साल चाचपत, कधी सरळ तर कधी नागमोडी वर चढतो आणि शेंड्याकडे पोहोचला की पुढच्या झाडाच्या बुंध्याकडे झेप घेतो. एखाद्या ओढ्याच्या काठाने किंवा बांधाने झाडांची ओळ असेल, तर त्याची दिशा दोन-तीन झाडांतच लक्षात येते. ती लक्षात आली की त्याच्या मागे न जाता दूरून वळसा घेऊन चार झाडे पुढे जावे, सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरावी, खाली बसावे आणि कॅमेरा आधीच डोळ्याजवळ आणून ठेवावा. पक्ष्याला कपड्यांच्या रंगापेक्षा हालचाल अधिक खुपते. सैनिकी नक्षीचा महागडा पोशाख घालून सतत चुळबुळ करणाऱ्या माणसापेक्षा मळकट सदऱ्यात स्थिर बसलेला गुराखी त्याला परवडतो, हे गायरानात कोणीही पाहू शकेल.

बसण्याची जागा निवडताना खोडाच्या अगदी समोर बसू नये. पक्षी ज्या बाजूने चढेल त्या बाजूशी साधारण काटकोनात बसले, तर खोडाची कड, पक्ष्याची पाठ आणि चोच या तिन्ही रेषा स्वच्छ मिळतात. समोरून घेतलेल्या छायाचित्रात तो सालीला चिकटवल्यासारखा दिसतो. पार्श्वभूमीला उघडे आकाश येऊ देऊ नये. अजिंठ्याच्या डोंगररांगेत दूरचा उतार मागे घेणे सहज शक्य असते आणि फेब्रुवारीतील वाळक्या गवताचा तांबूस रंग सोनेरी पाठीला शोभून दिसतो.

आणखी दोन गोष्टी उपयोगी पडतील. पहिली म्हणजे वेळ. सागाच्या वनात वाळलेल्या पानांवर पाऊल पडले की तो आवाज सगळ्या पक्ष्यांपर्यंत पोहोचतो, म्हणून उजाडण्यापूर्वीच जागेवर जाऊन बसलेले बरे. सूर्य वर आल्यावर सुतार आपापल्या ढोलीतून बाहेर पडतात तेव्हा आपण तेथे आधीपासूनच असावे. मात्र अभयारण्याच्या हद्दीत प्रवेशाची वेळ ठरलेली असते, तेथे ती पाळूनच हे करावे. दुसरी गोष्ट म्हणजे फुललेला पळस, पांगारा किंवा काटेसावर. सुतार पक्षी फुलांतील मधही पितो, आणि त्या वेळी तो खोड सोडून बारीक फांद्यांवर, उजेडात, तोंड बाहेर करून बसतो. एकाच झाडावर तो दिवसातून अनेकदा येण्याची शक्यता असते. खोडावरच्या सुतारासाठी तासन्‌तास घालवणाऱ्यांनी एक सकाळ फुलांच्या झाडाखाली घालवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

काही जण जोडीदाराला झाडाच्या पलीकडे उभे करतात, म्हणजे पक्षी आपल्या बाजूला येतो. युक्ती चालते, पण दोन्हीकडून अडवलेला पक्षी थोड्याच वेळात झाड सोडतो, आणि छायाचित्रातही त्याचे अंग आखडलेले व तुरा ताठ झालेला स्पष्ट दिसतो.

प्रश्न : कृषी विद्यापीठाच्या परिसरात काढलेले छायाचित्र सोबत पाठवत आहे. हा कोणता सुतार? आणि याच झाडांवर दुपारभर एकसारखा टकटक आवाज येतो, तो याचाच असावा का? (एक विद्यार्थिनी, परभणी)

छायाचित्रातील पक्षी मराठा सुतार असून ती मादी आहे. कपाळ आणि डोके पिवळसर, पाठ काळपट व तीवर पांढरे ठिपके, छातीवर तपकिरी रेघा आणि पोटाच्या मध्यभागी लाल डाग, ही त्याची लक्षणे आपल्या छायाचित्रात दिसतात. नर असता तर डोक्याच्या मागच्या भागावर शेंदरी पट्टा असता. आकाराने हा जेमतेम १७-१८ सेंटिमीटरचा, म्हणजे सोनपाठी सुतारापेक्षा बराच लहान. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन लॅथम यांनी १८०१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा मराठ्यांच्या मुलखावरूनच त्याला नाव दिले. बाभूळ, हिवर, पळस अशी विरळ, काटेरी झाडी त्याला पुरते, म्हणून मराठवाड्यात त्याला शोधण्यासाठी घनदाट जंगलात जाण्याची गरज नाही. बीड जिल्ह्यातील नायगाव मयूर अभयारण्यासारखा खुरटा डोंगराळ भाग किंवा गावाबाहेरचे गायरानही त्याला चालते. तो फारसा बोलत नाही, त्यामुळे डोळ्यांनीच शोधावा लागतो.

टकटक मात्र त्याची नाही. दुपारच्या उन्हात ठरावीक लयीत बराच वेळ चालणारा तो आवाज तांबटाचा आहे. तो गळ्यातून काढलेला आवाज आहे, लाकडावर मारलेला ठोका नव्हे. तांबटही वाळलेल्या फांदीत स्वतः बीळ कोरतो, म्हणून गोंधळ होणे साहजिक आहे. सुतार पक्षी विणीच्या काळात पोकळ फांदीवर चोचीने जो ताशा वाजवतो तो अगदी थोडक्यात, एका दमात संपतो आणि मग बराच वेळ शांतता असते.

याच पत्राच्या निमित्ताने इतरांचीही ओळख करून देतो. सोनपाठी सुतार २६ ते २९ सेंटिमीटरचा. त्याची कंबर काळी असते आणि गळा काळा असून त्यावर पांढरे ठिपके व रेघा असतात. नराचे डोके संपूर्ण लाल, तर मादीच्या कपाळावर काळ्या रंगात पांढरे ठिपके आणि लाल रंग फक्त मागच्या तुऱ्यापुरता. याच आकाराचा, पण मानेपासून पाठीपर्यंत पांढरा पट्टा असलेला दुसरा एक सुतार पानझडी जंगलात क्वचित दिसतो. त्याच्या नराचे डोके लाल, मादीचे पिवळे असते, आणि घाईत पाहिल्यास त्याला सोनपाठी समजून सोडून दिले जाते. म्हणून नांदेड जिल्ह्यातील किनवटसारख्या जंगली भागात काढलेली जुनी छायाचित्रे पुन्हा एकदा तपासून पाहावीत. सर्वांत लहान म्हणजे बुटका सुतार, केवळ १३ सेंटिमीटरचा, फिकट डोळ्यांचा. तो बारीक फांद्यांवर फिरतो आणि नराच्या डोक्याच्या बाजूची लाल रेघ इतकी बारीक असते की मोठ्या केलेल्या छायाचित्रातही शोधावी लागते. हिवाळ्यात बाभळीच्या झाडीत मानमोडी येते. ती याच कुळातली, परंतु तिची शेपटी मऊ असते, ती लाकूड कोरत नाही आणि जमिनीवर मुंग्या वेचते. मान वेळावण्याच्या सवयीवरून ती ओळखू येते. खेड्यांत अनेक जण हुदहुदालाच सुतार म्हणतात. त्याचे आणि सुतार पक्ष्याचे कूळ वेगळे आहे.

प्रश्न : माझ्याकडे ३०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स आहे. सुतार पक्ष्यासाठी ६०० मिलिमीटरची लेन्स घेणे आवश्यक आहे का? (एक वाचक, लातूर)

आकडेमोड करून पाहू. मराठा सुतार १८ सेंटिमीटरचा धरला आणि तो २० मीटरवर असला, तर ६०० मिलिमीटर लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा सुमारे साडेपाच मिलिमीटरची पडते. सामान्य क्रॉप (म्हणजे पूर्ण आकाराहून लहान) सेन्सरची उंची साधारण १५ मिलिमीटर असते, म्हणजे पक्षी चौकटीच्या एक-तृतीयांशाहून थोडा अधिक. ३०० मिलिमीटरने तोच पक्षी एक-षष्ठांशाच्या आसपास राहील. सोनपाठी सुतार मात्र ६०० मिलिमीटरने निम्म्याहून अधिक उंची व्यापतो. तेव्हा फरक मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही घाईने खरेदी करू नये. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने झाडासह पक्षी दाखवणारी उत्तम छायाचित्रे निघतात. वाळलेल्या बाभळीच्या वेड्यावाकड्या फांद्यांत छोटासा मराठा सुतार ही रचना मला स्वतःला चौकट भरून टाकणाऱ्या पक्ष्यापेक्षा अधिक आवडते. लांब लेन्स आधी दोन दिवस भाड्याने घेऊन पाहावी, कारण तिचे वजन हातात धरल्याशिवाय कळत नाही.

तिपाईवर पैसे घालण्यापूर्वी जाड कापडाची एक थैली शिवून घ्यावी आणि तिच्यात ज्वारी भरावी. गाडीच्या खिडकीवर, दगडावर किंवा बांधावर ती ठेवून लेन्स टेकवली की हात स्थिर राहतो. गाडीतून काढता येण्यासारखी जागा असेल तर खाली उतरूच नये. थांबलेल्या गाडीला पक्षी लवकर सरावतात. इंजिन मात्र बंद करावे, नाहीतर त्याची थरथर थैलीतून लेन्सपर्यंत येते.

प्रश्न : सुतार चोच मारत असताना काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात डोके अस्पष्ट येते, शरीर मात्र स्पष्ट असते. नवीन मिररलेस कॅमेऱ्याने काढलेल्या काही छायाचित्रांत तर चोच वाकडी दिसते आणि डोळ्यावर पांढुरका पडदा येतो. कॅमेऱ्यात बिघाड आहे का? (एक वाचक, बीड)

बिघाड नाही. तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत.

ठोका मारताना डोक्याचा वेग सेकंदाला काही मीटर इतका असतो. तो ६ मीटर धरला, तर १/१००० सेकंदात डोके ६ मिलिमीटर सरकते आणि १/४००० सेकंदातही दीड मिलिमीटर सरकतेच. ताशा वाजवताना तर काही जाती सेकंदाला सुमारे २० ठोके मारतात. सकाळच्या मंद उजेडात १/४००० ठेवायचे म्हणजे आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) फार वाढवावा लागतो, आणि चित्रात दाणे येतात. यापेक्षा पक्ष्याची लय पाहावी. तो अन्न शोधताना काही ठोके मारतो, थांबतो, मान तिरकी करून भोकात पाहतो, पुन्हा मारतो. त्या थांबण्याच्या क्षणी १/८०० किंवा १/१००० पुरते. हालचालीचेच छायाचित्र हवे असेल तर १/२५०० च्या पुढे जावे आणि सलग छायाचित्रे घ्यावीत. डोके मागे गेल्यावर दिशा बदलताना क्षणभर थबकते, ती चौकट बहुधा स्पष्ट निघते. खोडाचे तुकडे उडताना दिसले तर ते भाग्य समजावे.

डोळ्यावरचा पडदा ही त्याची तिसरी पापणी होय. चोच लाकडावर आदळण्याच्या सुमारास ती मिटते, त्यामुळे नेमक्या आघाताच्या क्षणी टिपलेले चित्र तांत्रिकदृष्ट्या अचूक असूनही निर्जीव वाटते. येथेही मागे गेलेल्या डोक्याची चौकटच अधिक चांगली.

वाकडी चोच हा आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरचा परिणाम आहे. अशा शटरमध्ये बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीओळीने वाचला जातो, आणि तेवढ्या अवधीत डोके जागा बदलते. पक्षी चोच मारत असताना किंवा उडताना यांत्रिक शटर वापरावे. तो स्वस्थ बसलेला असताना निःशब्द शटर सोयीचे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. सुतार पक्ष्याच्या कवटीत धक्का शोषणारी गादी असते, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठातील साम व्हान वासेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी तीन जातींचे ठोके टिपले आणि २०२२ मध्ये दाखवून दिले की कवटी धक्का शोषत नाही, ती ताठ हातोड्यासारखीच वागते. मेंदू लहान असल्यामुळे त्याला इजा होत नाही. धक्का शोषला गेला असता तर ठोक्याचा जोरही कमी झाला असता, हे ऐकल्यावर सहज पटते.

प्रश्न : किनवटजवळ आमच्या शेताच्या कडेला पळसाच्या झाडात सोनपाठी सुताराच्या जोडीने ढोली कोरली आहे. पिलांना भरवतानाची छायाचित्रे काढण्याची इच्छा आहे. किती अंतरावर बसावे? ढोलीसमोर एक फांदी आडवी येते, ती छाटली तर चालेल का? (एक शेतकरी वाचक, किनवट)

फांदी छाटू नये. त्या फांदीमुळे ढोलीच्या तोंडावर सावली पडते आणि ती दुरून सहज दिसत नाही. कावळा, साप, घोरपड किंवा माकड यांच्यापासून असलेला तो आडोसा आपण काढून टाकला तर छायाचित्र मिळेल आणि पिले जातील. मासिकांकडे येणाऱ्या घरट्यांच्या छायाचित्रांत कधी कधी ताजी कापलेली फांदी दिसते. अशी छायाचित्रे या अंकासाठी स्वीकारली जात नाहीत, हेही येथेच नमूद करतो. कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना हानी पोहोचवणे आणि अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे हेही येते. जागा आपल्या मालकीच्या शेतात असली तरी त्यात फरक पडत नाही.

अंतराचे उत्तर घरट्याच्या अवस्थेवर अवलंबून आहे. ढोली कोरणे चालू असेल तर अजिबात जाऊ नये. झाडाखाली ताज्या ढलप्या आणि भुसा पडलेला दिसणे ही त्याची खूण आहे. या काळात त्यांची त्या जागेत फारशी गुंतवणूक झालेली नसते, आणि थोडा त्रास झाला तरी ती काम टाकून जाऊ शकतात. अंडी असतानाही दूर राहावे. सोनपाठीची अंडी बहुधा दोन किंवा तीन, पांढरी असतात, आणि नर-मादी दोघेही उबवतात. आपण समोर बसलो तर पाळी बदलण्यासाठी आलेला पक्षी आत शिरत नाही. पिले मोठी होऊन तोंडाशी येऊ लागली, की मगच २५-३० मीटरवरून, लांब लेन्सने, अर्धा-पाऊण तास काढायला हरकत नाही. आधीपासून तेथे असलेल्या एखाद्या गोष्टीचा आडोसा घ्यावा, म्हणजे कडब्याची गंजी, बांधावरचे झुडूप किंवा उभी असलेली बैलगाडी. नवा रंगीत तंबू एकाएकी उभारू नये.

बसल्यावर पहिली दहा मिनिटे छायाचित्र न काढता केवळ पाहावे. आलेला पक्षी सरळ ढोलीवर उतरला तर ठीक. तो शेजारच्या झाडावर थांबून सतत ओरडत असेल, ढोलीपर्यंत येऊन परत फिरत असेल किंवा खोडाला चिकटून बराच वेळ निश्चल राहत असेल, तर तो आपल्यामुळे अडला आहे. मग ताबडतोब उठून जावे. एप्रिल-मेच्या उन्हात नांदेड जिल्ह्यात पारा ४० च्या वर जातो, आणि अशा दिवसांत पिलांची एक-दोन भरवणी चुकणेही महागात पडते. ढोलीवर फ्लॅश वापरू नये, खोडावर थाप मारून पक्ष्याला बाहेर काढू नये आणि ढोलीत मोबाइल घालून छायाचित्र घेण्याचा विचारही मनात आणू नये.

शेवटी जागेबद्दल. छायाचित्र समाजमाध्यमावर टाकताना मोबाइल आपोआप स्थान जोडतो, ते काढून टाकावे. पक्षीनोंदींच्या ईबर्ड या संकेतस्थळावर नोंद करताना नेमक्या झाडाऐवजी गावाचे किंवा शिवाराचे नाव पुरेसे आहे. एकाने जागा सांगितली की आठवडाभरात दहा लेन्स तेथे उभ्या राहतात.

प्रश्न : मोबाइलवर सुताराचा आवाज लावला की तो जवळ येतो. असे करणे योग्य आहे का? (एक वाचक, धाराशिव)

योग्य नाही. विशेषतः फेब्रुवारी ते जुलै या विणीच्या काळात तो आवाज त्याला आपल्या हद्दीत शिरलेल्या प्रतिस्पर्ध्याचा वाटतो, आणि तो खाणे किंवा उबवणे सोडून भांडायला येतो. येडशी-रामलिंग घाटासारख्या लहान अभयारण्यात, जेथे क्षेत्र जेमतेम २२ चौरस किलोमीटर आहे, तेथे प्रत्येक येणाऱ्याने आवाज वाजवला तर त्याच त्या जोड्यांना पुन्हा पुन्हा त्रास होतो. सोनपाठी सुतार उडताना स्वतःच इतक्या मोठ्याने किंचाळतो की कान उघडे ठेवले तर मोबाइलची गरज पडत नाही.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी लवकरच ऊन पांढरे होते. सोनेरी पाठ भाजल्यासारखी पांढरी आणि गळ्याचा काळा भाग ठार काळा येतो. दूरवरून घेतलेली छायाचित्रे लेन्स चांगली असूनही धूसर असतात. (एक वाचक, जालना)

धूसरपणाचा दोष लेन्सचा नाही. नांगरलेल्या काळ्या रानावरून तापलेली हवा वर उठते आणि तिच्या थरथरीतून पाहिलेला पक्षी कोणत्याही लेन्सने स्पष्ट येत नाही. एप्रिलमध्ये नऊ वाजल्यानंतर मोकळ्या रानापलीकडचे छायाचित्र घेण्याचा प्रयत्न सोडून द्यावा. त्याच वेळी झाडीच्या आत, सावलीतील जमिनीवरून १०-१५ मीटरवरचा पक्षी मात्र स्वच्छ मिळू शकतो.

पाठीच्या रंगासाठी प्रकाशमापन पक्ष्याच्या पाठीवरून करावे आणि एक्स्पोजर एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कमी ठेवावे. फाइल रॉ प्रकारात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात) ठेवली तर काळ्या गळ्यातील तपशील नंतर वर आणता येतो, जळालेला सोनेरी रंग मात्र परत येत नाही. उलट पक्षी उघड्या आकाशासमोर असेल तर एक स्टॉप वाढवावा लागेल. फोकससाठी डोळा ओळखणारी स्वयंचलित व्यवस्था खडबडीत सालीवर फसते, खोडावरच्या गाठीलाच डोळा समजते. अशा वेळी एकच लहान फोकसबिंदू निवडून तो पक्ष्याच्या डोक्यावर ठेवावा. धुळीच्या दिवसांत लेन्स उघड्यावर बदलू नये.

प्रश्न : छायाचित्रणासाठी वनविभागाची परवानगी लागते का? शहरात राहून सुतार पक्ष्याचा सराव कोठे करता येईल? (दोन वाचक, छत्रपती संभाजीनगर)

अभयारण्याच्या हद्दीत लागते. १९७२ च्या कायद्यात अभयारण्यातील प्रवेश परवान्याच्या कारणांमध्ये छायाचित्रणाचा स्पष्ट उल्लेख आहे. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. तेथे जाण्यापूर्वी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात कॅमेऱ्याची नोंद आणि शुल्क यांची चौकशी करावी. ड्रोन सोबत नेऊ नये.

सरावासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. शहरातच हिमायतबागेतील आंबा-चिंचेची जुनी झाडे आणि विद्यापीठाचा डोंगरपायथ्याचा परिसर आहे, आणि सोनपाठी सुतार अशा मोठ्या, जुन्या झाडांवर रमतो. हिमायतबागेत फळ संशोधन केंद्र आहे, म्हणून आत जाताना तेथील कर्मचाऱ्यांना सांगून जावे.

प्रश्न : आमच्या बांधावरची मोठी बाभूळ दोन वर्षांपूर्वी वाळली. सुताराने तिला पोखरून टाकले आहे. तिच्यामुळे शेजारच्या झाडांनाही धोका होईल असे घरचे म्हणतात आणि ती तोडायला निघाले आहेत. मला तिच्यावरच्या पक्ष्यांची छायाचित्रे काढायची आहेत. काय सांगू? (एक शेतकरी वाचक, हिंगोली)

घरच्यांना सांगावे की सुतार झाडाला मारत नाही. लाकूड आधी वाळते किंवा आतून कुजते, त्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या, मुंगळे आणि वाळवी येतात, आणि त्यांच्यासाठी सुतार येतो. तो शेजारच्या झाडांवर रोग नेत नाही. उलट खोड पोखरणारे किडे वेचून खातो.

अशा वाळलेल्या झाडाइतकी छायाचित्रणाला सोयीची जागा दुसरी नाही. पाने नसल्यामुळे काहीच आड येत नाही आणि झाड आपल्याच बांधावर असल्यामुळे वर्षभर, प्रत्येक ऋतूच्या उजेडात, त्याच फांदीवर येणारे पक्षी टिपता येतात. सुताराने कोरलेल्या जुन्या ढोलीत पुढे पिंगळा, साळुंकी, पोपट किंवा दयाळ यांपैकी कोणीही राहायला येते. पिंगळा शेतातील उंदीर आणि किडे खातो, हे कारण घरच्यांना छायाचित्रांपेक्षा लवकर पटेल असे वाटते. मराठा सुतार आपली ढोली बऱ्याचदा तिरप्या फांदीच्या खालच्या अंगाला कोरतो, तेव्हा झाड खालूनही नीट न्याहाळावे. एरवी ती नजरेतून सुटते.

झाड पडून नुकसान होण्यासारखी जागा असेल तर सगळे न तोडता वरच्या फांद्या उतरवाव्यात आणि दीड-दोन पुरुष उंचीचे खोड उभे ठेवावे. हे काम विणीच्या काळात, म्हणजे फेब्रुवारी ते जुलै, करू नये. पाऊस सरल्यावर, खालच्या-वरच्या सगळ्या ढोल्या रिकाम्या असल्याची दोन-तीन संध्याकाळी खात्री करून घ्यावी, कारण सुतार रात्री झोपण्यासाठीही ढोली वापरतो. विजेच्या तारेकडे किंवा गोठ्याकडे कललेली फांदी तेवढी, तिच्यात घरटे नसेल तर, आताच उतरवली तरी चालेल.